सुट्टीतली लग्नपत्रिका

मे महिन्यात मुलं पुस्तकं वाचतात असं ज्याला वाटतं, त्याने एकदा मुरबाडकडच्या आमच्या गावी यावं. मी इथल्या शाळेत शिकवते आणि इथेच राहते. गेल्या वर्षी सुट्टी लागल्याबरोबर ओटीवर सतरंजी अंथरली, गोष्टींची पुस्तकं मांडली, वर कोकम सरबताचं आमिष दाखवलं. दोन दिवस मुलं आली, सरबत प्यायली आणि मग सगळी डोंगरावर करवंदांना पळाली. असा राग आला की उरलेलं सरबत मीच संपवलं.

खरी काळजी होती ती चौथीत जाणाऱ्या एका मुलीची. आदल्या सुट्टीत ती जमलेलं वाचन पार विसरली होती. जूनमध्ये वर्गात अडखळली, पोरं हसली, आणि ती शाळेचं नाव काढेना. तिला परत आणता आणता माझ्या नाकी नऊ आले. पुन्हा तसंच झालं तर ती कायमची घरी बसेल, याची मला धास्ती होती.

त्याच महिन्यात तिच्या काकाचं लग्न ठरलं. आमच्याकडे पत्रिका घरोघर जाऊन, अक्षता देऊन द्यावी लागते. फोनवर पाठवली तर माणसं रुसतात. हे काम तिच्या आजोबांचं, पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी संधी साधली. म्हटलं, "बाबा, नातीला न्या बरोबर. नावं ती वाचेल."

आणि ती वाचू लागली. ती पाकिटावरचं नाव वाचायची, आजोबा घर दाखवायचे. मग दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड, तिच्या तावडीतून काही सुटेना. मी गावभर मिरवून घेतलं.

वरच्या आळीत मात्र घोटाळा झाला. आजोबा उन्हाने दमून आंब्याखाली बसले आणि एक पाकीट घेऊन तिला एकटीलाच पाठवलं. त्या आळीत एकाच नावा-आडनावाचे दोन चुलत भाऊ राहतात. एक आजोबांच्या जिवाभावाचा. दुसऱ्याशी शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. हा दुसरा भातसा धरणावर नोकरीला, म्हणून त्याच्या दाराला नावाची पाटी. पोरीने पाटी वाचली, पाकीट वाचलं, अक्षरं जुळली. पत्रिका देऊन आली.

संध्याकाळी पहिला भाऊ तोंड पाडून दारात उभा. "आमाला आवतन नाय का रे?"

आजोबा नातीवर कडाडले, "वाचाया येत नाय तर सांगायचा ना!"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओटीवर आली, पुस्तकांकडे पाठ करून बसली. "बाई, मी शालेत नाय येनार आता." आजोबांचा मला इतका संताप आला, पण लग्नघरात भांडण कसं काढणार?

हळदीच्या दिवशी मीही मांडवात होते, तेव्हा तो धरणावरचा माणूस बायकोसह आला. इस्त्रीचा शर्ट, हातात तेच पाकीट. सगळ्यांच्या माना वळल्या. आजोबा उठले, पण त्यांच्या आधी पोरगी पुढे झाली. तिने त्याच्याकडून पाकीट मागून घेतलं, वरचं नाव वाचलं, मग आतली पत्रिका काढली आणि नवरानवरीच्या नावांपासून तळाच्या आग्रहाच्या ओळीपर्यंत सगळी मोठ्याने वाचली. कुठे अडखळली नाही.

"हेच नाव यांच्या पाटीवर हाय, आजोबा. मी नाय चुकली."

आजोबांनी पाकीट डोळ्यांशी धरलं. त्यांना दिसेना, तसं माझ्याकडे केलं. "खरा काय, बाई?"

"एक अक्षर चुकलेलं नाही, बाबा."

आजोबा त्या माणसाकडे वळून म्हणाले, "उभा कशाला? बस जेवायला. पोरीनं बरोबर वाचलाय."