कासाराची थोरली लेक

आमच्या अण्णांबद्दल कुणी वाईट बोललं तर मी अजूनही भांडायला उठते. आणि बापावर माझ्याइतकं रागावलेलं माणूसही दुसरं शोधून सापडायचं नाही. दोन्ही खरं आहे. आता ते नाहीत म्हणून राग कमी झाला असंही नाही. फक्त तो काढायचा कुणावर, हे कळत नाही.

आम्ही कराडचे कासार. अण्णांनी धंदा सुरू केला तो सायकलवर. हँडलला बांगड्यांच्या माळा अडकवायच्या आणि इस्लामपूरच्या बाजूची गावं फिरायची. खड्डा आला की खाली उतरून सायकल हातानं ढकलायची, म्हणजे निम्मा रस्ता चालतच. पुढं बाजारात टपरी झाली, टपरीचं दुकान झालं, दुकानावर घर झालं. त्यातूनच धाकट्या भावांची शिक्षणं, बहिणींची लग्नं आणि आमची तिघा भावंडांची सगळी हौसमौज. चहा सोडला तर व्यसन कसलं नाही. संध्याकाळी आईला भाजी निवडून द्यायचे. त्या काळात, पुरुषमाणूस! शेजारच्या बाया आईला चिडवायच्या, "आवं, तुमच्या मालकांस्नी एक दिवस आमच्याकडं पाठवा की."

बाई समोर बसली की अण्णा म्हणायचे, "आण बाय हात." अंगठा आत मुडपायचा, हाताची हाडं जरा चेपायची आणि "सासू बरी हाय का?" म्हणून विचारायचं. सासूची गाऱ्हाणी संपेपर्यंत डझन पुरी व्हायची. बांगडी फुटली तर आमच्यात 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. लहानपणी मी एकदा 'फुटली' म्हणाले, तर कधी हात न उगारणारा माझा बाप असा काही ओरडला की मी खोक्यांमागं जाऊन लपले. असलं काही तोंडातूनसुद्धा जाऊ नये, एवढं ते जपायचे.

माझ्या लग्नाचा हिरवा चुडा त्यांनीच भरला. भरताना घळाघळा रडत होते. माझे मालक साखर कारखान्यात नोकरीला होते. माणूस गमत्या होता, संसार बरा चालला होता. तिशी उलटली आणि हे गेले. हायवेवर, मोटारसायकलवरून घरी येताना. मुलगा तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हता.

चुलत सासूबाईंनी माझे हात उंबऱ्यावर आपटले. अण्णा अंगणात पाठ फिरवून उभे होते. त्यांनी तो आवाज ऐकला. ऐकणार नाहीत कसे? तो आवाज होऊ नये म्हणून जन्मभर जपलेला माणूस तो. मला त्या क्षणी एवढंच वाटलं की हा आता वळेल आणि "बास करा" म्हणेल. नाही वळले.

पुढं मात्र त्यांनी माझ्यासाठी काय केलं नाही ते विचारा. मला आणि पोराला घरी आणलं. मला बी.एड. करायला लावलं. सांगलीला शाळेत नोकरी लागली तेव्हा विश्रामबागेत घर बघायला स्वतः फिरले. दर आठवड्याला एसटीनं यायचे, पिशवीत भाजी, नातवाला काहीतरी. नातवाला पोहायला त्यांनीच शिकवलं. देव जरी खाली उतरला असता तरी याहून जास्त काय केलं असतं?

पण मला बांगड्या हव्या होत्या. सांगायला लाज कसली? नवरा गेला म्हणून माझी आवड काही त्याच्याबरोबर सरणावर गेली नव्हती. लहानपणापासून त्या दुकानात वाढलेली मी. ओकेबोके हात घेऊन फळ्यावर लिहायला लागले की माझं मलाच कसंतरी व्हायचं. आणि त्या मला दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायच्या नव्हत्या, अण्णांकडूनच हव्या होत्या. त्यांनी भरल्या असत्या तर कुणाच्या बापाची बोलायची हिंमत नव्हती.

सुट्टीत कराडला गेले की सवयीनं दुकानात जाऊन बसायची. एकदा लग्नाघरची मंडळी चुड्याला आली आणि अण्णा हळूच म्हणाले, "बाय, जरा आत जाऊन बस."

"का?"

"लोक लय वंगाळ असत्यात."

"लोकांचं जाऊ दे. तुम्ही?"

ते माळ उलगडत राहिले. मी आत गेले. आईनं चहा दिला, तो मी मोरीत ओतला.

मग धाकट्या बहिणीचं लग्न आलं. चुड्याच्या दिवशी घरातल्या सगळ्या बाया रांगेनं बसल्या. मीही बसले. मुद्दाम. माझी पाळी आली तसा मी हात पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अण्णा, भरा."

आत्याचं बोलणं जागच्या जागी थांबलं. आई माझ्याकडं बघेना, अण्णांकडंच बघत राहिली. अण्णांनी माझा हात हातात घेतला. खरंच घेतला. अंगठासुद्धा मुडपला. मग त्यांनी दाराकडं बघितलं. तिथं नवऱ्या मुलाकडच्या बाया बसल्या होत्या. अण्णांनी माझा हात अलगद माझ्याच मांडीवर ठेवला. "तुला सोन्याच्या करतो गं," म्हणाले. आणि शेजारच्या काकूला, "आण बाय हात."

आठवड्याच्या आत सोन्याच्या दोन बांगड्या आल्या, चांगल्या जाडजूड. विधवेला सोनं चालतं, काच चालत नाही. कुठल्या शहाण्यानं ठरवलं कुणास ठाऊक! शाळेतल्या बाया म्हणायच्या, "नशीबवान हो तुम्ही, असा बाप मिळाला." मी हसून हो म्हणायचे.

एकदाच आम्ही त्यावर बोललो. सांगलीच्या स्टँडवर, कराडच्या गाडीची वाट बघत. ते म्हणाले, "तवा तुला भरल्या असत्या तर धाकटीचं लगीन मोडलं असतं. मी कुणाकुणाला सांभाळू?" म्हटलं, "मग लग्न झाल्यावर का नाही भरल्या?" तेवढ्यात गाडी लागली. अण्णा चढले, खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, "उन्हात उभी राहू नगंस." त्यांचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येत नाही. बरोबर होतं असं तर मरेपर्यंत म्हणणार नाही.

आई गेली तेव्हा तिला शेवटचा हिरवा चुडा अण्णांनीच भरला. कुणाला हात लावू दिला नाही. गेलेल्या बायकोला भरता आल्या, जित्या लेकीला नाही, असं माझ्या मनात आलं. आईच्या मढ्याशेजारी बसून असलं मनात यावं, याची मला लाज वाटली. पण आलं ते आलं.

त्यानंतर अण्णा माझ्याकडंच राहायला आले. वय झालं होतं, विसरायला लागले होते. कधी मला आत्या समजायचे, कधी शेजारीण. सारखं "दुकान उघडायचंय" म्हणून उठायचे. शेवटी भावाला सांगून कराडहून बांगड्यांचं एक खोकं मागवलं, हाताला चाळा म्हणून. दिवसभर माळा सोडायचे आणि बांधायचे.

एका दुपारी मी गोळी द्यायला समोर बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. परक्या बाईकडं बघावं तसं, अदबीनं. म्हणाले, "आण बाय हात."

मी गोळी बाजूला ठेवली आणि हात दिला.

"हात लय कडक झालाय बाय. लय दिवसांत भरल्या न्हाईत व्हय?"

"नाही."

"मालक काय करत्यात?"

"कारखान्यात असतात," मी म्हणाले. न अडखळता म्हणाले.

दोन बांगड्या वाढल्या, मनगटावर ओरखडा उठला. पण एक चढली, मग दुसरी, मग तिसरी. मी हू की चू केलं नाही. इतकी वर्षं ज्यासाठी बापाशी मनातल्या मनात भांडले ते मिळत होतं, आणि ते देणाऱ्याला मी कोण हेच ठाऊक नव्हतं.

"तुझ्याच वयाची माझी थोरली लेक हाय," ते सांगायला लागले. "सांगलीला मास्तरीण हाय. लय हुशार."

"तिला भरता का बांगड्या?"

अण्णा थांबले. माझा हात त्यांच्या हातातच होता.

"तिनं मागितल्या हुत्या," ते म्हणाले. "समद्यांच्या म्होरं हात केला हुता पोरीनं."

"मग?"

ते खोक्यातली पुढची बांगडी शोधायला लागले. मग माझ्या डोळ्यांकडं त्यांचं लक्ष गेलं आणि गडबडीनं म्हणाले, "लागलं व्हय बाय? झालंच आता. दुसरा हात आण."

मी दुसरा हात दिला.