भैयाच्या अल्बमला बास का नव्हता

गादीच्या दुकानात कितीही झाडलं तरी कोपऱ्यात कापूस साचतोच. किस्स्यांचंही तसंच आहे. आम्ही चौघं जण, लातुरात, गाद्यांच्या ढिगात बसून एक रॅपचा अल्बम करत होतो. चौघं म्हणजे माझा मोठा भाऊ अन्वर, त्याला मी भैया म्हणतो, त्याचा दोस्त विकास, आमचे अब्बा, आणि मी. मी सातवी नापास, त्यामुळं माझं काम चहा आणणं आणि दार धरून उभं राहणं. अल्बम होता दीनाचा, म्हणजे अल्लाहबद्दलचा. त्यात बाजा जवळजवळ नव्हताच. नुसता आवाज. हे बरं झालं की वाईट, यावर लोक अजून भांडून राहिलेत. मी भांडत नाही. मला जे माहीत आहे ते सांगतो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथं मराठीतच लिहितो.

भैयाला जाऊन चार महिने झाले.

*

आधी स्टुडिओचं सांगतो. आमचा धंदा पिढीजात कापूस पिंजायचा. अब्बा आधी खांद्यावर धुनकी, म्हणजे पिंजायची कमान, टाकून गावोगाव फिरायचे. नंतर लातुरात कोचिंग क्लासेस वाढले, होस्टेलं वाढली आणि प्रत्येक पोराला एक गादी लागायला लागली. जून महिन्यात आमच्याकडं जेवायला वेळ नसतो.

विकासही असाच गादी घ्यायला आलेला. मुखेडचा पोरगा, डॉक्टर व्हायला आला होता. दोनदा परीक्षा दिली, दोनदा राहिला, आणि त्या काळात लॅपटॉपवर बीट बनवायला मात्र पक्का शिकला. आमच्या मागच्या गोदामात उभा राहून त्यानं एक टाळी वाजवली आणि ओरडला, "अन्वर, हितं आवाज घुमतच न्हाई! लोक ह्याच्यासाठी भिंतीला फोम लावतेत!"

भैया म्हणाला, "आमच्या भिंतीच गाद्याच्या हायत."

झालं. गाद्यांच्या दोन थप्प्यांच्या मध्ये माइक लटकवला. पहिल्या ट्रॅकचं रेकॉर्डिंग चालू असताना हिमायतनगरचा एक पोरगा गादी पाहायला आत आला, तपासायची म्हणून आडवा झाला आणि झोपला. रेकॉर्डिंग संपलं तरी उठेना. भैयानं त्याला हलवून विचारलं, "काय रे, ट्रॅक आवडला का गादी?"

पोरगा डोळे चोळत म्हणाला, "दोन्ही पॅक करा!"

*

आता बास. सुरुवातीला भैयाला बास हवा होता. भरपूर हवा होता. विकासनं कुठून तरी एक मोठा वूफर उचलून आणला आणि गोदामात लावला.

इथं अब्बांचं एक सांगायला लागेल. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी अब्बा आणि त्यांचे मोठे भाऊ, आमचे बडे अब्बा, एका गावात पिंजायला गेले होते. मुक्कामाला बडे अब्बा आत झोपले, अब्बा ओट्यावर. पहाटे घर पडलं. अब्बा बाहेर राहिले. तेव्हापासून आमच्या दुकानात फळीवर एक तांब्या उलटा, त्यावर पेला, त्यावर वाटी, असा मनोरा असतो. तो वाजला की बाहेर पळायचं. कुणी हात लावायचा नाही, धूळसुद्धा अब्बाच पुसतात. इतक्या वर्षांत तो एकदाही वाजला नव्हता.

विकासनं बटण दाबलं. धम्म! मनोरा वाजला, वाटी खाली पडली.

अब्बा उठले ते थेट रस्त्यावर. जाताना मोकळे गेले नाहीत, खोळीचं कापड बघणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईंचा हात धरून त्यांनाही ओढत नेलं. "बाहेर निघा! घरं सोडा!" अब्बांचा आवाज ऐकून अख्खी गल्ली बाहेर. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. कुणी पोरं काखेत घेतली, कुणी गॅस बंद करायला परत पळालं, समोरच्या आजी तर पाटासकट येऊन रस्त्याच्या मधोमध बसल्या.

बऱ्याच वेळानं भैया गोदामातून निवांत बाहेर आला. गळ्यात हेडफोन. "काय झालं?" म्हणाला.

आजींनी विचारलं, "अन्वर, केवढा व्हता रे? टीव्हीवर काय सांगून राहिलेत?"

भैयानं एकदा अब्बांकडं पाहिलं, एकदा गल्लीकडं पाहिलं आणि म्हणाला, "आजी, बारा इंचाचा होता!"

गल्ली हसली. अब्बा हसले नाहीत. त्यांच्या हातानं त्या बाईंचा हात अजून सोडला नव्हता. संध्याकाळी भैयानं वूफर परत पाठवला. विकासला सांगितलं, "बास न्हाई. कुठल्याच ट्रॅकला न्हाई."

तेव्हा आमचा अल्बम असा कोरा, बिनबासाचा का, याचं उत्तर एवढंच आहे. लोक त्यात सादगी शोधतात, कुणी दीन शोधतात. कारण अब्बांचा तो हात होता.

*

मग वाजवायचं काय? भैयाला धुनकी आठवली. तिची तात, म्हणजे ताणलेली तार, काय सुंदर वाजते! तांय तांय. मशीन आल्यापासून ती खुंटीलाच होती.

अब्बांना म्हणालो, "दोन मिनिटं नुसती वाजवा." अब्बांनी धुनकी हातात घेतली, तात ताणून बघितली आणि खाली ठेवली. "कापूस कुठाय?"

"कापूस कशाला चाचा?" विकास म्हणाला. "आवाज पाहिजे फक्त."

"रिकामी धुनकी वाजवायची नसते. घरातली बरकत जाते."

अब्बांच्या बापानं त्यांना हे सांगितलं होतं, त्यापुढं कुणाचं काय चालणार! मी कापूस आणून ओतला. अब्बा बसले आणि एकदा सुरू झाले ते थांबेचनात. ताल असा की भैयाला मोजायची गरज पडली नाही, तो बोलत गेला. कापूस उडून माइकवर, लॅपटॉपवर, विकासच्या नाकात. तिसऱ्या ट्रॅकमध्ये मध्येच एक शिंक आहे. ती विकासची. भैयानं ती काढू दिली नाही. म्हणाला, "अल्बममधी एकटा हिंदू तू, तुझंबी काहीतरी असू दे!"

विकास शिंकत शिंकतच म्हणाला, "मग नाव टाक माझं. शिंक, विकास, मुखेड!"

रेकॉर्डिंग झालं. आम्ही खुशीत उठलो. अब्बा त्या पिंजलेल्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणाले, "गाणं झालं ना? आता ह्याची उशी भरा!"

भरली. भैया त्याच उशीवर झोपायचा.

*

हाफीजसाबांना ऐकवायची सगळ्यात जास्त भीती भैयालाच होती. ते आम्हा दोघांचे कुराणाचे उस्ताद. मला त्यांनी खूप वर्षं शिकवलं, मी शिकलो नाही, तरी ते कधी रागावले नाहीत. भैयानं मोबाइल त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः उकिडवा बसला, पळायची तयारी ठेवून.

हाफीजसाबांनी डोळे मिटून अख्खा ट्रॅक ऐकला. मग म्हणाले, "बाजा नाही, हे बरं केलंस."

भैयाचा जीव भांड्यात पडला.

"बोल पण चांगले आहेत."

भैया तर फुगायलाच लागला.

"पण बेटा, इतकं जलद का बोलतोस? तो ऐकतोय. त्याला कुठं जायचंय!"

*

सात ट्रॅक झाल्यावर भैयानं ते होस्टेलच्या पोरांना मोबाइलवर दिले. पंधरा दिवसांत जिथं गादी पोचवायला जावं तिथं भैयाचा आवाज. भैया हवेत. एका खोलीत आम्ही गादी टाकत होतो, तिथल्या पोराच्या कानात तेच चालू. चाकूरकडचा होता, पुस्तकांच्या ढिगात बसलेला.

भैयानं ओळख न देता विचारलं, "कसं हाय रे?"

"लई भारी दादा! रोज लावतो."

"काय आवडलं?"

पोरगा मनापासून म्हणाला, "बीटच न्हाई ना ह्याच्यात. फिजिक्स करताना अजिबात डिस्टर्ब होत न्हाई!"

भैया दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरला. खाली टेम्पोपाशी विकास उभा होता, त्याला मी सगळं सांगितलं. विकास म्हणाला, "मी सांगून राहिलो होतो. अल्बम नसून रीडिंग रूमचा पंखा झालाय आपला!"

त्या दिवसापासून भैयाच्या डोक्यात आठवा ट्रॅक सुरू झाला. तो बडे अब्बांवर होता. अब्बांच्या तोंडून, पण भैयाच्या शब्दांत:

"भिंत हलली, आढं हललं, हलली चुलीची राख
तू नाही हललास मौला, मी मारत होतो हाक."

*

आठव्या ट्रॅकसाठी तो नांदेडला गेला, तिथल्या एका मोठ्या स्टुडिओत. काचेची खोली, एसी, सगळं. तिथल्या माणसानं आधीचे सात ट्रॅक ऐकले आणि तोंड वाकडं केलं. "यात काही नाहीच हो. नुसता आवाज. बेडशीट नसलेली गादी आहे ही."

भैया म्हणाला, "साहेब, आमचा धंदाच त्यो हाय. बेडशीट नसली तरी झोप येती. आतमधी कापूस नसला तर काय बेडशीटवर झोपता?"

हे भैयानं मला स्वतः नांदेडहून फोन करून सांगितलं, हसत हसत. पुढंही काही सांगणार होता. मी म्हणालो, "भैया, गिऱ्हाईक हाय. घरी ये, मग सांग." आणि ठेवला.

त्या रात्री परत येताना चाकूरच्या अलीकडं रस्त्यात ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नव्हता.

*

भैयाचं चाळिसावं, म्हणजे चाळिसाव्या दिवसाची दुआ, झाल्यावर विकासनं मला गोदामात बोलावलं. "छोटे, आठवा ट्रॅक तयार हाय. आवाज अन्वरनं नांदेडहूनच पाठवला होता," म्हणाला आणि हेडफोन दिला. मी लावला. भैया बोलायला लागला. आणि खालून बास आला. असा तसा नाही, आतून हलवणारा.

मी हेडफोन काढला आणि विकासच्या कानाखाली वाजवली. "अब्बासाठी भैयानं बास काढला! आणि तू त्यो गेल्यावर घातलास?" विकास काही बोलेपर्यंत मी लॅपटॉप ओढला, ती फाइल धरली आणि डिलीट केली. हे मात्र मला येतं.

विकास गाल धरून बसला होता. मग म्हणाला, "झालं?"

"झालं!"

"छोटे, त्यो रिसायकल बिन रिकामा करावा लागतो."

मला ते माहीत नव्हतं. त्यानं फाइल परत आणली. मग मोबाइल काढून भैयाचा एक व्हॉइस मेसेज लावला, नांदेडहून पाठवलेला.

"विक्या, सात ट्रॅक कोरेच राहू दे. पण आठव्याला बास पाहिजे. जमीन हलली म्हणायचं आणि हलवायची न्हाई, हे खोटं हाय. खोटं गाऊन अल्लाहचं नाव घ्यायचं न्हाई मला. तू टाक. अब्बाला मी विचारतो, घरी आलो की."

विकासनं मोबाइल खिशात ठेवला. म्हणाला, "आता कोण विचारणार?"

मी म्हणालो, "मी."

*

विचारायचं रोज ठरवायचो. दोन महिने विचारलं नाही. अब्बा जेवताना नको वाटायचं, नमाजहून आल्यावर नको वाटायचं. विकासनं सात ट्रॅकचाच अल्बम बाहेर काढायचं विचारलं, त्यालाही हो म्हणवेना. भैयानं आठ म्हटले होते.

मागच्या शुक्रवारी दुपारी अब्बा दुकानात गादीला टाके घालत बसले होते. मांडीवर गादी, हातात दाभण. विकासनं तोच बारा इंची वूफर पुन्हा आणून ठेवला होता. ठरलं असं होतं की मी आधी अब्बांना नीट समजावायचं, त्यांना बाहेर ओट्यावर बसवायचं, तांब्या-पेला फळीवरून उतरवायचा आणि मग लावायचं.

मी अब्बांच्या समोर उभा राहिलो. तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. माझं डोकं असंच आहे. मी वळलो आणि विकासच्या हाताखालून बटण दाबलं.

आधी भैयाचा आवाज आला. नुसता. अब्बांचं दाभण थांबलं. मग "भिंत हलली" आलं, आणि बास.

फळीवर पेला थरथरला. वाटी पडली. पेला पडला. तांब्या गडगडत खाली आला. विकास धावत दारात जाऊन हात पसरून उभा राहिला, अब्बा रस्त्यावर गाडीखाली जातील म्हणून. समोरच्या आजी केव्हाच पाट घेऊन बाहेर आल्या होत्या. मी अब्बांचा दंड धरला आणि ओरडलो, "अब्बा, काय न्हाई! गाणं हाय! चला बाहेर! बंद करतो, आता बंद करतो!"

अब्बा उठले नाहीत. दाभण गादीत तसंच टोचलेलं. त्यांनी माझा हात दंडावरून काढला आणि मला शेजारी ओढून बसवलं.

"बस खाली," म्हणाले. "तो बोलून राहिलाय."