मामाच्या तळहातावरचा देव

अख्ख्या बीड जिल्ह्यात आमच्या थोरल्या मामाइतकं जग कुणीच पाहिलेलं नाही, कारण प्रत्येक वस्तू त्याला एकदम चार-चार दिसायची. त्याच्या डोळ्यांची बुबुळं गोल नव्हती, शंकूसारखी पुढे आलेली होती. चष्म्यानं भागायचं नाही. पौर्णिमेला त्याच्या आकाशात चंद्रांचा घोस लागायचा. गेवराईच्या रस्त्यावर समोरून एकटी मोटारसायकल आली तरी वरात समजून तो अदबीनं कडेला व्हायचा आणि नवरदेवाला हात जोडायचा. माजलगावातल्या त्याच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक तो चपलेच्या आवाजावरून ओळखायचा, आणि दारातल्या विजेच्या खांबाला, उगाच कुणाचा मान राहायला नको म्हणून, रोज सकाळी नमस्कार करायचा. डोळ्यात घालायची कडक भिंगं एकदा आणली, तर पहिल्याच पंगतीत त्यातलं एक वरणात पडलं आणि मामानं ते भातासकट खाल्लं. "आता पोटाला तरी नीट दिसंल," म्हणाला.

गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन एकटक बघायचं, ही त्यांच्या लिंगायत घरची पूजा. "लोकायच्या हातावर देव एकटा येतो, माझ्याकडं बिऱ्हाड घेऊन येतो," असं तो कपिलधारच्या यात्रेत सांगत फिरायचा. पण जन्मात एकदा तरी त्याला तो एकटा बघायचा होता, हे मामीला ठाऊक होतं.

साठीनंतर मोतीबिंदू आला आणि चारही देव धुक्यात गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढून आत वाकडेपणा सावरणारं भिंग बसवू. बराच फरक पडेल, पण बुबुळाचा शंकू तसाच राहणार, थोडी सावली उरेल. मामा टाळत राहिला.

"कावून टाळायलेत?" मामीनं शेवटी विचारलं.

"आता निदान धुक्यात चार तरी हायेत. एकाच्या नादात एकबी न्हाई दिसला तर?"

"न्हाई दिसला तर मी सांगीन की कसा दिसतो ते. मला तर रोज एकच दिसतो."

मामा तयार झाला. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. भिंग बसवायला वेळ लागला चहा निवण्याइतका; मामाच्या तोंडून ऐकाल तर तेवढ्यात माजलगावचं धरण पुन्हा बांधून झालं असतं.

दुसरी पट्टी निघाली त्या सकाळी मी तिथंच होतो. मामीनं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. मामा बघत राहिला, इतका वेळ की मामीचा धीर सुटला.

"दिसायलाय का?"

"एकच हाय गं. बाजूला जराशी सावली हाय."

"डॉक्टर म्हणलेच होते."

"राहू दे. इतकी वर्षं घरच्यांना घेऊन यायचा, एकदम एकटा कसा येईल?"

मग त्याची नजर देवाखाली गेली. "हा हात कुणाचा गं? लई म्हातारा झालाय."

 मामीनं आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. मामानं दोन्ही हात नीट, सावकाश पाहून घेतले. दोनच होते.