तात्या पाटलांचा अंगठा आणि कलेजीचा मान

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात : औषधांची नावं आणि पेशंटांचे किस्से. नावं मी कधीच विसरलो. किस्से मात्र बूच काढलं की अजून फसफसून वर येतात!

भोरच्या आमच्या दवाखान्यातली ही गोष्ट, चाळीस सालाच्या आधीची. डॉक्टर पुण्याचे, शाकाहारी आणि शिस्तीचे. त्यांना पुरून उरलेले पेशंट एकच, भोंगवलीकडचे तात्या पाटील.

*

तात्या पहिल्यांदा आले ते बैलगाडीतून. उजवा पाय गोधडीवर ठेवलेला आणि गाडीपुढं एक गडी रस्त्यातले दगड वेचत चाललेला! अंगठा लालबुंद, सुजून दुप्पट झालेला. माशी बसली तरी तात्या बोंब मारत.

डॉक्टरांनी तपासलं. "पाटील, याला गाउट म्हणतात. आपल्याकडे वातरक्त. साहेब लोक याला राजांचा रोग म्हणतात. मटण आणि दारू रोजच्या रोज लागते ना, त्यांना होतो."

बोंब थांबली. तात्यांचा हात मिशीवर गेला. "व्हय? मंग बरूबर हाय. आसला रोग कुनाच्याबी घरात शिरंल व्हय?"

परत जाताना वाटेत भेटेल त्याच्यापाशी गाडी थांबवून त्यांनी अंगठा दाखवला म्हणे. "बघून घ्या, राजाचा रोग हाय!"

*

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. "मटण बंद. कलेजी तर अजिबात नाही. दारू बंद. पावटा, मसूर कमी. पाणी दिवसाला आठ तांबे. आणि सूज उतरली की रोज चालायचं."

तात्यांनी शांतपणे खांद्यावरचं उपरणं काढलं आणि डॉक्टरांच्या हातावर टाकलं. बैलबाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं धरून, म्हणजे बघ्यांना आकडा कळत नाही. पुण्याच्या डॉक्टरांना हे काय माहीत! तात्यांनी आत त्यांची चार बोटं धरली. म्हणजे महिन्यातून चारदा मटण. डॉक्टरांना झाल्या गुदगुल्या! हसत हसत त्यांनी मान डोलावली आणि मूठ मिटली.

"झाला सौदा!" तात्या गरजले.

तो सौदा मोडायला माझा अर्धा तास गेला. शेवटी डॉक्टरांनी मोठी सुई काढून दाखवली, तेव्हा तात्या ऐकले.

*

आठ तांब्यांचा परिणाम चावडीवर दिसला. दोन भावांचं बांधावरून भांडण होतं. तात्या निकाल द्यायला तोंड उघडत, आणि तसेच उठून लंगडत ओढ्याकडं जात. परत येत, पुन्हा तोंड उघडत, पुन्हा उठत.

"पाटील लई तापल्यात," थोरला भाऊ कुजबुजला. "सारकं उठून जात्यात. आता काय आपलं खरं न्हाई."

तात्या चौथ्यांदा ओढ्यावरून आले, तर दोघं एकाच पानाचा विडा निम्मा निम्मा खात बसलेले!

"डाक्टरसायेब," तात्या आम्हाला सांगत होते, "पान्याला लई गुन हाय. पितो म्या आन् भांडान मिटतंय दुसऱ्यांचं!"

*

घरी पहारा पाटलीणबाईंचा. तात्या बाजाराहून आले की उंबऱ्यावरच मिशीचा वास घेतला जाई. एकदा तात्यांनी भोरात खानावळीत चोरून रस्सा ओरपला, चार लवंगा चावल्या आणि मिशीला गुलाबपाणी चोपडून घरी गेले.

"अवं, बैल बघाया गेलेल्या मानसाच्या मिशीला गुलाबपानी?" बाई म्हणाल्या. "आता आठ दिस भोपळा!"

त्या एकदा औषध न्यायला आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, "तुम्ही तरी खाता ना, वहिनी?"

"त्यांच्यासमूर कसं खानार, भावजी? वरीस झालं, म्याबी सोडलं. कलेजी म्हंजी माजा जीव की परान. पर ऱ्हाऊ द्या."

मला भरून आलं. त्या दिवशी बाटली जरा जास्तच भरून दिली.

*

मग आली जत्रा. त्यांच्या गावची रीत अशी की, भाजलेल्या कलेजीचा पहिला तुकडा पाटलांच्या घरानं खायचा. तोवर गावानं जेवायचं नाही. आणि त्या घरानं खाल्ला नाही, तर मान चुलतभावाकडं, धोंडीआबांकडं जाणार, तो कायमचा! आबा तर पंधरा दिवस आधीपासून नवा फेटा घालून फिरत होते.

तात्यांची झोप उडाली. खावं तर अंगठा जाणार, न खावं तर मान. डॉक्टर आणि मी मुद्दाम गेलो.

भर दुपारी देवळासमोर अख्खं गाव पंगतीत भुकेलेलं. देवळाच्या पायरीवर बसलेल्या तात्यांपुढं कलेजीचं ताट आलं. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं, अंगठ्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मंग म्या घेतो!" म्हणत आबा जरा लंगडतच पायरीपाशी आले.

"आबा, देवाच्या दारात हाय. आदी जोडा काढा," तात्या म्हणाले.

आबांनी चुळबुळ केली. "काटा मोडलाय," म्हणाले. पण गाव बघत होतं. काढला जोडा. अंगठा लालबुंद, सुजून दुप्पट!

"आबा, कलेजी बंद!" डॉक्टर गर्दीतून ओरडले.

आबांचा हात हवेत, तात्यांचा मांडीवर. ताट मधेच. गाव उपाशी.

बायकांच्या घोळक्यातून पाटलीणबाई उठल्या. पदर सावरला, पायरी चढल्या, ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि गावासमोर सावकाश, डोळे मिटून खाल्ला.

मग तोंड पुसून म्हणाल्या, "मीठ कमी हाय. बसा आता जेवायला."