साळवे मास्तरांचे चार शब्द

साळवे मास्तरांसमोर 'आवडतं' म्हणायची चोरी होती. लगेच विचारायचे, "आवडतं म्हणजे किती? इंग्रजीत सांगा बघू." मास्तर नांदूरघाटकडचे, बौद्ध घरातले, आमच्या गावात साखर कारखान्याच्या शाळेवर इंग्रजी शिकवायचे. मी चौथीतून उठलेला, तरी मला आप्पा म्हणून अहोजाहो करायचे. गावात तसा तो एकच माणूस.

दुष्काळात सहकारी कारखान्यानं जनावरांची छावणी काढली. माझी कबरी गाय घेऊन मीही तिथंच पत्र्याखाली राहिलो. परदेशातले पाहुणे मदत द्यायला येणार होते, म्हणून चेअरमननं मास्तरांना फर्मावलं, "यांच्याकडून 'वुई लव्ह चेअरमन' पाठ करून घ्या."

मास्तर दुपारी आले, कडब्याच्या पेंढीवर बसले. "शब्द चार हायेत. मी समदे देतो, कोणता कुणाला लावायचा ते तुमी ठरवा. भजं आवडतं, ते लाइक. रोजच्या सहवासानं लळा लागतो, ते फाँड. अन् जे उपाशी असलं की आपल्या घशाखाली घास उतरत न्हाई, ते लव्ह."

"चौथा?"

"अ‍ॅडोर. तो देवाला लावत्यात. मी बुद्धाचा माणूस, मला त्याचं लई काम पडत न्हाई."

पाहुणे आले. त्यांच्यातल्या बाईनं मला काही विचारलं. चेअरमननं कोपरानं ढोसलं, "बोल बे."

मी कबरीच्या पाठीवर हात ठेवला. "आय लव्ह कबरी."

"अन् मी?" चेअरमन दातातल्या दातात म्हणाले.

"चेअरमन, लाइक."

का म्हणू नये? ऊस आमचा, कारखाना आमचा. वैरण वेळेवर वाटली, म्हणून लाइक. तेही मोठ्या मनानं दिलं!

बाई खदखदून हसली. चेअरमनला ते लागलं. संध्याकाळी मला अन् मास्तरांना बोलावणं आलं. मी खुंट्यासारखा उभा, चेअरमनचं बोलणं सगळं मास्तरांशी. "अडाणी माणूस चुकला, एवढं म्हणा अन् नोकरी सांभाळा."

मी म्हणालो, "शब्द मी निवडलाय. मला विचारा."

"तू गप बे! तुला काय कळतंय?"

आजही आठवलं की कानशिलं तापतात. जन्मभर जीव लावायचं काम केलं, अन् ते कुणाला लावावं हे मला कळत नाही?

मास्तर शांतपणे म्हणाले, "आप्पा चुकले न्हाईत. माझ्या दहावीच्या वर्गात बी इतकं नेमकं कुणी बोलत न्हाई."

मास्तरांची नोकरी गेली. छावणीभर माणसं होती, एकाचं तोंड उघडलं नाही. मास्तर अंबाजोगाईला शिकवण्या घेत राहिले, तिथंच वारले.

मातीला गेलतो. चेअरमनचा माणूस भलामोठा हार घेऊन आलता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्यापायी गेली बघा मास्तरांची नोकरी."

म्हणालो, "माझ्यापायी न्हाई. खरं बोलणाऱ्याला त्यांनी खोटं पाडलं न्हाई, त्यापायी गेली. हार उचल अन् नीघ."