खोली हवी, तर मामाचं गाव सांगा

जळगावात मला एक खोली हवी होती. महाल नको, बंगला नको. एक खोली, एक मोरी आणि आतून लागणारी कडी.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागून आठ दिवस झाले होते आणि तेवढे दिवस मी एका सहकारी मुलीच्या हॉलमध्ये गादी टाकून पडत होते. रविवारी तिच्याकडे पाहुणे येणार होते. इकडे दोंडाईच्याहून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर निक्षून सांगितलं होतं, ''ओळखीच्या घरात खोली मिळाली तर राहा. नाहीतर बॅग भर आणि घरी ये. नोकऱ्या काय, इकडेही मिळतात.'' कुठे मिळतात? मिळाल्या असत्या तर मी दोन वर्षं घरी पापड लाटत बसले असते का?

आठ दिवसांत मी सात घरं पाहिली. एक म्हणाले, आम्ही फक्त फॅमिलीला देतो. अहो, मी काय आभाळातून पडलेय? मलाही फॅमिली आहे, दोंडाईच्याला आहे! दुसऱ्यांचं गेट संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि माझी ड्युटी साडेसातला सुटायची. आणि प्रत्येक ठिकाणी, अगदी प्रत्येक ठिकाणी, तो एक प्रश्न. ''मामाचं गाव कोणतं?'' आमच्याकडे जात सरळ विचारायची लाज वाटते, म्हणून मामाचं गाव विचारतात. मग मामांचं आडनाव, मग मावशी कुठे दिली. मला रक्ताचे नमुने तपासायचा पगार मिळतो, पण एवढी तपासणी मीसुद्धा करत नाही.

फक्त एका बाईंनी काही विचारलं नव्हतं. खाली त्यांचं शिलाईचं दुकान, वर खोली. मला ती पाहताक्षणी आवडली होती. पण ''ओळख ना पाळख'' म्हणत आबांनी फोनवरच त्यावर काट मारली.

शेवटी रविवारी आबा स्वतः आले. त्यांनी कुणाकुणाला विचारून एक घर काढलं होतं. मी बॅग सोबतच घेतली. खोली मिळाली तर तिथे, नाहीतर तशीच बसस्टँडवर.

घरमालक नाना झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पाणी विचारायच्या आधी विचारलं, ''पोरीच्या मामानं गाव कोनतं शे?''

''भडगाव,'' आबा म्हणाले.

''आरे! आमचे साडू भडगावचेच!'' नाना एकदम ताठ बसले. मग अर्धा तास दोघं नाती उकलत होते आणि मी खुर्चीच्या काठावर बॅग धरून बसले होते. शेवटी नानांनी मांडीवर थाप मारली. ''आपलीच पोर शे!''

मी मनातल्या मनात त्या खोलीत पडदेसुद्धा लावले.

नानांच्या बायको, अक्का, पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. वरून शेव, बाजूला लिंबाची फोड. भाडेकरूला पोहे? बरी माणसं आहेत, असं मला वाटलं.

''उभी राहा पाहू. उंची किती तुझी?'' अक्कांनी विचारलं.

माळ्यावरच्या सामानाला हात पोहोचतो का, हे बघत असतील, म्हणून मी उभी राहिले. उंची सांगितली.

''स्वयंपाक येतो?''

''हो, रोज करूनच खाणार,'' मी म्हणाले. गॅसची सोय विचारायची हीच वेळ, असं वाटून मी तोंड उघडलं, तोवर अक्का म्हणाल्या, ''आणि लग्नानंतर नोकरी करायची म्हणतेस का?''

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नानांचा पुतण्या सुरतेला कंपनीत होता. त्याचा फोटो तोवर आबांच्या हातात पोहोचला होता, आणि आबा चष्मा वर करून तो बघत होते!

''अक्का, मी खोली बघायला आलेय,'' मी म्हणाले.

''खोलीचं काय घेऊन बसलीस!'' नाना हसले. ''सोयरीक जुळायची तिथं पोरीला भाडेकरू ठेवायचं? लोक तोंडात शेण घालतील.''

रस्त्यावर आल्यावर आबा म्हणाले, ''स्थळ तसं वाईट नाही.''

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात बॅग आपटून मी म्हणाले, ''आबा, ओळख निघाली ना? पोटभर निघाली! तीच नडली. उद्या सकाळी मला ड्युटीवर जायचंय. आता तरी मला अनोळखी माणसाचं घर बघू द्या!''

आबांनी खाली वाकून बॅग उचलली. बसस्टँडचा रस्ता उजवीकडे होता. मी डावीकडे वळले, आणि थोड्या वेळाने मागून त्यांच्या चपलांचा आवाज आला.

शिलाईच्या दुकानातल्या त्या बाई मशीनवर ब्लाउजला काठ लावत होत्या. डोक्यावरची ओढणी सारखी करत त्या म्हणाल्या, ''आलीस बेटी? खोली आहे अजून. पाणी चार दिवसांनी येतं, टाकी तेवढी भरून घ्यावी लागेल. भरशील ना?''

मी हो म्हणाले. आबांनी घसा साफ केला, तोंड उघडलं. पुढचा प्रश्न मला तोंडपाठ होता, ताई, तुमचं माहेर कोणतं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी तोंड मिटलं.

''ताई,'' ते म्हणाले, ''टाकी केवढी आहे?''

मी त्यांच्या हातातून बॅग घेतली आणि जिना चढायला लागले.