दादाजीच्या रायफलचा गॅस

पलटण काश्मीरला हलणार असल्याचा हुकूम आला तेव्हा आम्ही देवळालीत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी इन्सास रायफल अजून आमच्यापर्यंत पोचली नव्हती. जवानांच्या हातात जुनी, जड एसएलआर रायफल असायची. मी पलटणीचा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. गाव पेठ तालुक्यातलं. घरचे नागली आणि भात पिकवणारे, लोखंडाशी त्यांचा संबंध कोयत्यापुरता. माझी नोकरी मात्र सगळी लोखंडातच गेली.

नाईक दादाजी अहिरे नामपूरजवळच्या खेड्यातला. जिल्हा एक म्हणून आमची ओळख झाली आणि ती वाढत गेली. माझ्याशी बोलताना तो मुद्दाम अहिराणीत शिरायचा, मला निम्मं कळायचं नाही आणि त्याला त्याचीच मजा वाटायची. पलटणीच्या नेमबाजी टीममध्ये तो सगळ्यात भरवशाचा होता. मेजरसाहेबांच्या परवानगीने मी त्याच्यासाठी एक रायफल जुळवली होती. स्टोअरमधल्या बॅरल तपासून त्यातली सरस निवडली, बोल्ट दुसऱ्या रायफलचा बसवला, लाकडी दस्ता त्याच्या खांद्याच्या मापाने कमी केला. दिसायला इतरांसारखीच, पण ती दुसऱ्या कोणाच्या खांद्याला बसत नसे.

एसएलआरमध्ये गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गॅस एका नळीत शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. त्या धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढची गोळी चढते. नळीजवळ एक कडी असते. ती फिरवून गॅस किती घ्यायचा ते ठरवता येतं. कमी घेतला तर रायफल मध्येच थांबते. जास्त घेतला तर धक्का वाढतो आणि भागांची झीज होते. स्पर्धेसाठी आम्ही तो जेमतेम ठेवला होता, म्हणजे खांद्याला धक्का कमी. फील्डमध्ये असं चालत नाही. तिथे धूळ असते, थंडी असते, तेल घट्ट होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रायफल नव्याने लावायला आम्ही दोघं रेंजवर गेलो.

मी गॅस वाढवला. दादाजीने पाच गोळ्या झाडल्या. तिसऱ्या गोळीनंतर रायफल थांबली. आणखी वाढवला. पुन्हा थांबली. शेवटी कडी पूर्ण बंद केली, म्हणजे सगळा गॅस पिस्टनवर. आता तिने खांद्याला दणके द्यायला हवे होते. तरीही काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकलं.

सुभेदारसाहेब मागे उभे होते. ते जवळ आले.

"अहिरे, ही जमा कर. दुसरी घे."

"साहेब, माझा हात हिच्यावर बसलाय."

"उद्या गाडी आहे. बंद पडणारी रायफल घेऊन मी कोणाला वर नेणार नाही."

मी म्हणालो, "साहेब, संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत. नंतर नाही."

वर्कशॉपमध्ये मी ती पूर्ण उघडली. पिस्टन सरळ होता. स्प्रिंग ठीक. नळी साफ. दादाजी बाकावर बसून पाहत होता. मग मी बॅरल उजेडात आडवी धरली. गॅस ब्लॉक, म्हणजे गॅस नळीत वळवणारा ठोकळा, जिथे बॅरलवर बसतो तिथे काजळीची बारीक रेघ दिसली. गॅस पिस्टनपर्यंत पोचतच नव्हता, सांध्यातून बाहेर जात होता. ब्लॉकची पिन सैल झाली होती. ती काढून जाड पिन ठोकली, सांधा तपासला आणि आम्ही पुन्हा रेंज गाठली. पूर्ण मॅगझिन रिकामं झालं, रायफल एकदाही थांबली नाही. कडी फिरवून योग्य जागी आणली, गरजेपेक्षा थोडा जास्तच गॅस ठेवला. सुभेदारसाहेबांनी मान हलवली.

माझी काळजी मात्र गेली नाही. देवळालीच्या उन्हात चालणारी रायफल बर्फात कशी वागेल, हे कोण सांगणार? प्रवासभर मी दादाजीकडून कडी फिरवण्याचा सराव करून घेतला, हातमोजे घालूनसुद्धा.

"वर गेल्यावर आधी झाडून बघायची. थांबली तर गॅस वाढव. तेल पुसून टाक, कोरडी ठेव."

"गावित, मनी माय बी इतलं सांगस नई," तो म्हणाला.

वर दादाजीची सेक्शन, म्हणजे दहाएक जणांची तुकडी, पुढच्या चौकीवर गेली. मी खाली बेसवर राहिलो. काही आठवडे शांततेत गेले. मग एका सकाळी धुकं उतरत असताना चौकीच्या बाजूच्या डोंगरधारेवरून फायरिंग ऐकू आलं. मी सिग्नलच्या तंबूत धावलो. वायरलेस सेटवर दादाजीच्या चौकीचा आवाज आला, तिचं सांकेतिक नाव चार्ली.

"बेस, चार्ली से. पेट्रोलिंग पार्टी पर फायर आया है. दो घायल."

"चार्ली, घायल को पीछे लाओ."

"ला रहे हैं. अहिरे कवर दे रहा है."

एसएलआरचा आवाज जड असतो, तो ओळखू येतो. एकेक गोळी, मध्ये सारखं अंतर. असं फक्त तोच झाडायचा. मी ऐकत होतो. आवाज चालू होता, मग थांबला. मी वाट पाहिली. मॅगझिन बदलत असेल असं स्वतःला सांगितलं. पुन्हा सुरू झाला. काही वेळाने परत थांबला आणि मग आलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो अर्धवट अडकलेल्या काडतुसाशी झटत असलेला दिसायला लागला.

दुपारी दादाजीचा देह खाली आणला. दोघंही घायल आधीच पोचले होते, ते वाचले.

रायफल माझ्याकडे तपासायला आली. बराच वेळ मी ती नुसती समोर ठेवून बसलो. मग उघडली. चेंबर रिकामं, मॅगझिन रिकामं. सांधा घट्ट होता, काजळी कुठे नव्हती. कडी मी ठेवली होती त्याच्या पुढे होती, म्हणजे थंडी पाहून त्याने स्वतः गॅस वाढवला होता. तरी मी एका घायल लान्सनायकाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "उस्ताद, रायफल अडकली नाही. गोळ्या संपल्या."

पुढच्या सुट्टीत मी नामपूरला उतरलो. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग ओलांडून त्याच्या गावची जीप पकडली. दादाजीचे वडील ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं आणि माझं पिऊन होईपर्यंत थांबले.

"तूच का तो बंदूक दुरुस्त करनारा?"

"हो बाबा."

"गावमा लोके म्हंतस, तेनी बंदूक बंद पडनी व्हती. खरं शे का?"

"नाही बाबा. मी स्वतः उघडून पाहिली. शेवटच्या गोळीपर्यंत चालली. त्याच्या दोन साथीदारांना खाली आणेपर्यंत तो झाडत होता. ते दोघं आज घरी आहेत."

म्हातारे दाराकडे वळून म्हणाले, "अवं, आयकं का? बंदूक चालनी व्हती."

दादाजीची आई बाहेर आली आणि उंबऱ्याशी बसली. पदराने तोंड पुसलं.

"तेनी कधी काम अर्धं सोडं नई," ती म्हणाली.

मग ती बोलू लागली. दादाजी लहानपणी कसा होता, शाळेला कसा दांडी मारायचा, भरतीला जाताना बापाच्या चपला कशा घालून गेला. वडील मधूनमधून भर घालत होते. शेजारची माणसं येऊन बसली. तो गेल्यापासून त्या घरात त्याचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. सटाण्याची शेवटची गाडी निघायची वेळ झाली तरी आई बोलतच होती, आणि माझ्याने उठवलं नाही.